पालिकेचा आढावा आणि ह्यांची जागा

स्कार्वय बेट
१९ ऑगस्ट

प्रिय आयलेर्ट भावजी,

वहिनीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? बर्गनला पाऊस आहे का हे विचारत नाही, तो असणारच. मी बरी आहे. ह्यांना जाऊन येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. कॉफी अजून दोन कपांची टाकते आणि दुसरा कपही मीच पिते, त्यामुळे झोप थोडी कमी झाली आहे, एवढंच.

मी सगळ्या गावाचा राग ओढवून घेतला आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल (फेरीबोटीवरच्या गप्पा माझ्या पत्राच्या आधी पोचतात). आता माझ्या तोंडूनही ऐका.

मे महिन्यात पालिकेच्या कचेरीतली राग्नफ्रीड आली. नवी माणसं राहायला यावीत म्हणून पालिका एक पुस्तिका काढणार, तिच्यासाठी आपल्या पालिकेचा आढावा मी लिहावा, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं, मी सात यत्ता शिकलेली बाई. तर म्हणाली, "बेटोबेटी फिरणाऱ्या पुस्तकांच्या बोटीवरचं एक तरी कपाट तुम्ही सोडलंय का?" (सोडलंय, इंजिनदुरुस्तीचं.) मग बसले लिहायला. बेटं किती, माणसं किती (आठशे चार, कचेरी आठशे सहा म्हणते, पण त्यातली दोघं ईस्टरलाच सामान घेऊन गेली), शाळा एक, चर्च एक, मासे वाळवायच्या माच्या इतक्या. वाचून पाहिलं तर ते कुठल्याही पालिकेचं वाटत होतं. आपली माणसं ही पालिका रस्त्यावरून बघतात कुठे? पाण्यावरून बघतात. म्हणून मीही तशीच लिहिली. चर्चच्या शिखरावरचा पत्र्याचा कोंबडा डोंगराच्या खिंडीच्या रेषेत आला आणि त्याच वेळी छोट्या खडकामागून हेल्मरचं तांबडं होडीघर डोकावू लागलं, की होडी थांबवा आणि गळ सोडा, वगैरे. मासे हमखास लागणाऱ्या अशा सात जागा लिहिल्या, प्रत्येक एकेका घराची. साती माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलेल्या. हातात किटली असलेल्या बाईला कान नसतात, असा इथल्या पुरुषांचा समज आहे.

सगळ्यांत वर ह्यांची जागा लिहायची होती. तिथली ओळ कोरी राहिली. एकेचाळीस वर्षं मी त्या जागेचा कॉड मासा साफ केला, पण ती जागा कुठे आहे ते मला ठाऊक नाही. तुमच्या वडिलांनी ती, कुणाला न सांगण्याचा शब्द घेऊन, तुम्हा दोघा भावांना दाखवली आणि तिथेच ती थांबली. मी विचारलं की हे म्हणायचे, "बाहेर. थोडं उजवीकडे."

गुरुवारी पुस्तिका घरोघरी पोचली. शनिवारी सकाळी हेल्मरच्या जागेवर अकरा होड्या. दोन तर पलीकडच्या पालिकेच्या! नांगरांचे दोर एकमेकांत असे गुंतले की दुपारपर्यंत कुणाला हलता येईना. मग हेल्मर माझ्या स्वयंपाकघरात आला तो बूट न काढताच. सत्तर वर्षांत या घरात असं कुणी केलं नव्हतं.

"गुडवेग, माझ्या पणज्यानं मरताना माझ्या आज्याच्या कानात सांगितलेली जागा ती! आणि तू चित्रासकट छापलीस?"

"चित्र राग्नफ्रीडनं काढलं."

"आणि तुझ्या नवऱ्याची, आन्फिनची? ती बरी झाकून ठेवलीस! एवढी पुस्तकं वाचलीस ती यासाठीच वाटतं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही रे, हेल्मर."

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला आणि बुटांसकट खुर्चीत बसला. मी तो दुसरा कप त्याच्यापुढे ठेवला. कप उचलत म्हणाला, "मलाही नाही. तीनदा पाठलाग केला मी त्याचा. तो लेकाचा खडकामागे जाऊन पाइप ओढत बसायचा, मी कंटाळून परत फिरेपर्यंत." मला इतकं हसू आलं की हातातली किटली खाली ठेवावी लागली.

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला माझा केक सगळ्यांनी खाल्ला आणि एकानंही चांगला झाला म्हटलं नाही. खूश आहे तो फक्त सिगब्यर्न. त्याच्या जागेवर पाच होड्या गेल्या आणि गळाला निव्वळ शेवाळ लागलं. तीस वर्षं माझ्या टेबलाशी बसून तो खोटी जागा सांगत होता! मला त्यानं एक मोठा कॉड पाठवला. कुठला, ते विचारलं नाही.

भावजी, हे गेले ते शहरातल्या इस्पितळात, खिडकी मोटारींच्या तळाकडे उघडणारी. शेवटच्या दिवशी विचारलं, वारा कुठला आहे? मी सांगून टाकलं, नैर्ऋत्येचा. मला काय माहीत? पण ह्यांनी मान हलवली, मनातल्या मनात होडी वळवून घ्यावी तशी. आता सकाळी भांडी घासताना खिडकीतून एवढं पाणी दिसतं. सात ठिकाणी बोट ठेवून सांगता येतं, ही अमक्याची, ती तमक्याची. ह्यांच्यासाठी मात्र कुठे बघावं तेच कळत नाही.

असो. गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधत जा.

तुमची वहिनी,
गुडवेग

ता. क. पुस्तिका सुधारून पुन्हा छापणार आहेत. आता नुसते आकडे. छापण्याआधी हेल्मर वाचून बघणार.

ता. क. २. तेव्हा ह्यांच्या जागेच्या खुणा मला कळवायला हरकत नाही. छापणार नाही, शप्पथ.

ता. क. ३. वरचं खोडलं असं समजा. वडिलांना दिलेला शब्द तुम्ही पत्रात मोडू नये (शिवाय पोस्टातला ओड्वार पाकिटं उजेडात धरून बघतो). तुम्हीच या. होडी मी रंगवून घेतली आहे, इंजिन चालू होतं. मी जमिनीकडे पाठ करून बसेन आणि एकदाही मागे वळून बघणार नाही. तुम्ही इंजिन बंद केलंत, की मी समजेन.