एका घासाला सतरा अक्षरं

गुरुजी,

साष्टांग नमस्कार घातला असं समजा. गुडघे आता ऐकत नाहीत, आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाल्यामुळे तो कुठल्या दिशेला घालायचा हाही प्रश्नच आहे. आधी तक्रार. ती फार गंभीर आहे, तेव्हा उपरणं नीट करून ऐका. तुम्ही दादाला मंदाक्रांतेत जेवायला शिकवलंत. जव्हारात माणसं भात खातात, भाकरी खातात. तुमचा मुलगा वृत्त खातो. एका घासाला एक चरण, चरणाची सतरा अक्षरं, त्यांतली पहिली चार लांब, तेवढ्यात घास आत जायचा. पुढची पाच आखूड आणि एक लांब, तेवढ्यात जीभ हलायची. राहिलेल्या सातांत गिळायचं. असे चाळीस घास सकाळी, चाळीस संध्याकाळी. श्लोक कुठलाही चालतो, अर्थाशी त्याचं देणंघेणं नाही, पण एखादं अक्षर मी खाल्लं की तो घास खात नाही. ओठ मिटून माझ्याकडे असा बघतो की शास्त्र्यांच्या सभेत चुकल्यासारखं वाटावं. तुमच्या पाठशाळेतून छंदःशास्त्रात पक्का असा एकच विद्यार्थी बाहेर पडला, आणि तो पाठशाळेतून कधीच बाहेर पडला नाही.

हसलात ना? हसा. तुम्ही हसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं, आणि त्यातलं बहुतेक दादाच्या खोलीत. हातपाय जन्मापासून आखडलेले, मान डावीकडे कललेली, जीभ स्वतःच्या मर्जीची. बोलणं म्हणजे चार आवाज, आणि त्यातला एक निव्वळ माझी थट्टा करण्यासाठी राखून ठेवलेला. मी मोखाड्याकडून तुमच्याकडे शिकायला आलो तेव्हा मला वाटलं होतं की आल्याआल्या तुम्ही पोथी हातात द्याल. तुम्ही बोंडलं दिलंत. पितळेचं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं, चोचीचं. "याने त्याला पाणी पाज. पाणी सांडलं नाही की मग व्याकरण." तीन महिने पाणी सांडत होतं. आपण एका माणसाला पाणी पाजायला शिकत आहोत, हे मला कळलंच नव्हतं. ही परीक्षा आहे, ती संपली की सुटलो, असं मी धरून चाललो होतो.

स्वयंपाकघरातला तो एक दिवस तुम्हाला आठवतो का, माहीत नाही. मला तो रोज आठवतो, रोज दोन वेळा. दादा भिंतीला टेकून बसलेला आहे, पाठीमागे गोधड्यांची उशी. मी डाव्या मांडीवर पोथी उघडून ठेवली आहे आणि उजव्या हाताने मऊ भात भरवतो आहे. हनुवटीवर ओघळ आला की न बघता फडक्याने पुसतो आहे, चुलीचा ओटा पुसावा तसा. तुम्ही दारात उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत. "तो जेवतोय की तू भांडं भरतोयस?" मी पोथी मिटली. "अरे, तो पंगतीतला माणूस आहे. पंगतीतल्या माणसाचं तोंड कोणी पुसतं का? त्याला फडकं दाखव, तो मान पुढे करील, मग पूस." दादाने मान पुढे केली. तेव्हापासून आजतागायत मी फडकं दाखवल्याशिवाय पुसलेलं नाही. एवढं तरी माझ्या नावावर मांडा.

काकू गेल्या, दादा आईविना राहिला, तेव्हा तुम्ही काय केलंत, ते गाव अजून विसरलेलं नाही, म्हणजे जे विसरायला सोयीचं होतं तेवढं सोडून. तुम्ही सात घरं फिरलात. आम्ही विद्यार्थी सात घरी वार लावून जेवायचो, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तुम्ही म्हणालात, "माझी मुलं तुमच्याकडे वाराने जेवली. आता वार उलटा. माझ्या मुलाकडे तुमच्या घरचे दोन हात यायचे, आठवड्यातून एक दिवस." सहा घरं हो म्हणाली. कोणी आंघोळ घाली, कोणी कूस बदली, कोणी नुसतंच जवळ बसून दरबारच्या गप्पा सांगे, आणि त्यांना तर तो सगळ्यांत जास्त आवाज करून दाद देई. एक गुरुवार तेवढा रिकामा राहिला होता. सूर्यमाळेकडून दोन दिवसांची चाल करून बाजाराला लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईने तो मागितला. "गुरुवार माजा," म्हणाली, "तुमी मोळी घ्या का नका घेऊ." आणि जवळच्या नात्यातल्या घरी राहायची सोय करून तिने तो वीस वर्षं चालवला. तुम्ही तिला अंगण दिलंत, न्हाणी दिलीत, दादाची खोली दिलीत. स्वयंपाकघराचा उंबरा दिला नाहीत. तिने आंघोळ घालायची, उन्हात बसवायचं. घास मात्र सोवळ्यातल्या हाताचा. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्यामागे तो उंबरा मीच राखला आहे, तुमच्यापेक्षा कडक.

शेवटच्या दिवशी तुम्ही मला काही सोपवाल म्हणून मी उशाशी बसून होतो. तुम्ही डोळे उघडून एवढंच विचारलंत, "आज वार कोणाचा?" मी म्हणालो, "माझा." खरं म्हणजे माझा नव्हता.

त्यानंतर वार गळत गेले. कोणी भांडलं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. एक घर नाशिकला गेलं, एक ठाण्याला. एकाच्या सुनेला दादाच्या आवाजाची भीती वाटते असं निघालं. एक जण आपल्या वाराला न येता खिरापत पाठवू लागला, मग खिरापतही थांबली. ती मोळीवाली बाई तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी बसली आणि सूर्यमाळेलाच राहिली. आता साती वार माझे. संस्थानच्या शाळेत मुलांना विभक्ती शिकवायच्या, घरी येऊन मंदाक्रांता म्हणायची. मी लग्न केलं नाही, हे तुम्हाला पटलं नव्हतं. एक बरं झालं म्हणायचं, नाहीतर त्या बिचारीलाही वृत्तं पाठ करावी लागली असती.

आता मूळ गोष्टीवर येतो. श्रावणात शाळेची तपासणी होती. घाई झाली आणि मी अनुष्टुभ धरला. आठ अक्षरांना एक घास. तुम्हाला यातला गुन्हा सांगायला नको. तिसऱ्या घासाला भात घशात अडकला, तोंड निळं पडलं. मी त्याला पालथा केला, पाठीत थापट्या मारल्या, घास बाहेर आला. मग तीन आठवडे ताप. ताप उतरला, आणि तेव्हापासून दादा माझ्या हातून जेवत नाही. मंदाक्रांता म्हणून पाहिली, पुन्हा पुन्हा, एकेक अक्षर तोलून. तोंड मिटलेलं. दूधपाणी तेवढं बोंडल्याने घेतो, तेही मान फिरवून. दिवाळीपर्यंत बरगड्या मोजता येऊ लागल्या. मी गावातल्या जुन्या घरांची दारं ठोठावली, दोघं तिघं आलेही, पण त्यांना ना वृत्त येतं ना धीर; घास पुढे करतात आणि तो मागे सरकला की हात काढून घेतात. शेवटी मी सूर्यमाळेला गेलो.

मोखाड्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. पाडा म्हणजे डोंगराच्या खांद्यावर पांगलेली नऊ घरं. मी तिच्या अंगणात पोचलो तेव्हा ती नाचणी पाखडत होती. मला बघून उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही, तशीच म्हणाली, "मास्तर, तू यवढा वाळलास, का तो?" मी म्हणालो, दोघंही. सगळं ऐकून घेतलं. अंगणाच्या कडेला तिचा आंधळा दीर झोळीची दोरी ओढत बसला होता, झोळीत कोणाचं तरी मूल. त्या दिराला कोणी सांभाळत होतं असं दिसलं नाही. तोच सांभाळत होता. पलीकडच्या घरातून ओरडून कोणी विचारलं, "नीजला का?" तो म्हणाला, "माजा हात नीजला, पोरगा जागाच हाय!" आणि सगळं अंगण हसलं. मला दादाचा तो राखून ठेवलेला आवाज तिथे ऐकू आल्यासारखा झाला.

तिला डोलीत बसवून खाली आणली. घरी आल्यावर ती भिंतीला धरत न्हाणीच्या वाटेने दादाच्या खोलीत निघाली, सवयीने. मी म्हणालो, "इकडून या," आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. ती उंबऱ्यापाशी थांबली. "गुरुजींना चालंल?" मी म्हणालो, "गुरुजींना विचारून सांगतो." तेच विचारायला हे पत्र लिहितोय असंही समजा. तिने नाचणीची पेज केली, दोन वाडग्यांत ओतली. दादासमोर बसली. स्वतःच्या वाडग्यातून घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला, आणि मग दुसऱ्या वाडग्यातला चमचा त्याच्यापुढे धरला. पुन्हा स्वतःचा घोट. श्लोक नाही, चाल नाही, काही नाही. चौथ्या घोटाला दादाने तोंड उघडलं. वाडगा संपला. मी दारात उभा होतो, अगदी तुमच्यासारखा. मी विचारलं, हे कुठे शिकलात. तर म्हणाली, "शिकायचं काय त्यात? येकल्यानं कोन खातं?"

गुरुजी, चाळीस वर्षं झाली. तुम्ही, काकू, मी, सहा घरं, इतके हात. आणि एकानेही त्याच्यासमोर बसून स्वतः घास खाल्लेला नाही. भरवणारा सोवळ्यात, त्याचं जेवण मागाहून, दुसऱ्या खोलीत. पंगतीतला माणूस म्हणालात, आणि त्या पंगतीत त्याला एकट्याला बसवलंत. मी तुमची चूक काढतोय. काढायला तुम्हीच शिकवलंत.

ती आठ दिवस राहिली, आणि आठ दिवस तो जेवला. मग म्हणाली, "मला हितं करमत नाय. त्यालाच घेऊन जाते वर. म्हातारा हाय, पोरं हाईत, आंगनात कोन ना कोन असतंच." मी विचारलं, त्याला रोज आंघोळीला आणि कपड्यांना मिळून चार घागरी लागतात, चैत्रात वर पाणी कुठलं? ती खोटं बोलली नाही. "चैतात झरा आटतो. दोन डोंगर खाली जावं लागतं. चार घागरी म्हंजे दोन घरांचं पिनं." मग म्हणाली, "बघू. राख हाय, पाला हाय. पुसून काढू." तिला राखेने पुसून काढता येईल. पण पाठीला व्रण पडायला त्याला आठ दिवसही लागत नाहीत, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

ती डोलीने पुढे गेली. मी आणखी एकदा करून बघायचं ठरवलं. तिच्यासारखंच दोन वाडगी भरली, सोवळं खुंटीला टांगलं, त्याच्यासमोर मांडी घातली. मी घोट घेतला, घोळवला, गिळला. चमचा धरला. तो बघत राहिला. मी दहा घोट घेतले, पंधरा घेतले, माझा वाडगा संपला. त्याचा तसाच. फडकं दाखवलं, मान पुढे आली नाही.

उद्या सकाळी पाड्यावरचे चौघे डोली घेऊन येतील. इथे ठेवला तर माझ्या हातून उपाशी मरतो, वर पाठवला तर पुढे चैत्र आहे. वैद्यांना विचारलं, ते मला म्हणाले, "निर्णय तुमचा." देवाला विचारलं, तो तर वैद्यांहूनही सावध. गावात म्हणतात, मास्तराने गुरूचा मुलगा रानात सोडला. म्हणू देत. सोवळ्याची काळजी मला असती तर किती सोपं झालं असतं, आणि पाण्याची आहे, पण ती चारचौघांत सांगण्याजोगी आहे. जी सांगण्याजोगी नाही ती तुम्हाला लिहितो, कारण हा कागद कुठेच जाणार नाही.

घास अडकला आणि मी त्याला पालथा केला, असं मी वर लिहिलंय. मधलं लिहिलं नाही. माझा हात त्याच्या खांद्यावर होता आणि मी थांबलो. फार नाही, एखादा चरण म्हणून होईल इतकंच. तेवढ्यात मनात आलं की आता हा सुटेल आणि मीही. त्याचे डोळे उघडे होते आणि माझ्यावर होते. त्याने बघितलं, गुरुजी. वृत्त चुकलं म्हणून तो तोंड मिटत नाही, आणि मी सोबत जेवलो म्हणून उघडणारही नाही. त्याला माहीत आहे. डोली मी पेजेसाठी बोलावलेली नाही. उद्या त्याला या घरात ठेवला आणि पुन्हा घास अडकला, तर मी थांबणार नाही असं मला सांगता येत नाही.