दिलेल्या लेकींचं रक्त

९ जानेवारी
अनिश्चित! इतके महिने वाट बघायला लावली आणि हातात शब्द काय दिला, तर अनिश्चित!

रोहिणी मॅडमचा मुंबईहून फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजींना बीपीच्या गोळ्या समजावत होते. आजींना तसंच उभं ठेवून मागच्या खोलीत गेले. मॅडम कॅन्सरवर आणि मेंदूच्या गाठींवर संशोधन करतात — गाठ आतून, जीनपर्यंत जाऊन तपासतात. माझा भाऊ सुजय गेला, त्याच्या आधी त्यांनी त्याचं रक्त आणि मेंदूतल्या गाठीचा तुकडा घेतला होता. एका जीनमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलंय. हा जीन राखणदाराचं काम करतो, बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. पण नेमका हा बदल आजवर कुणी नोंदलेलाच नाही! तो घातक आहे की नुसताच वेगळेपणा, हे त्यांनाही सांगता येत नाही.

तोवर माझी तपासणी करून उपयोग नाही म्हणे. माझ्यात असला तर माझ्या लेकीत, किमयात यायची शक्यता निम्मी. ती दुसरीत आहे, काल तिचा पुढचा दात पडला. आणि मी 'अनिश्चित' घेऊन गप्प बसू?

"आणखी नातेवाईक मिळाले तर ठरवता येईल," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना कॅन्सर झाला त्यांच्यात हा बदल आहे का, आणि म्हातारपणीही ठणठणीत असलेल्यांत नाही ना, ते बघू."

मिळतील की! न मिळायला काय झालं?

१० जानेवारी
आई म्हणते, गेलेल्यांना उकरून काय मिळणार तुला? म्हटलं, किमया मिळेल.

१९ जानेवारी
माहेरच्या गावी, निडीला गेले होते. सखाआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, ऐंशी ओलांडली तरी वालाच्या शेतात वाकून उभे! त्यांना विचारलं, "आजोबा, आपल्या घरात आणखी कुणाला कॅन्सर झालेला?"

"नाय गो. दत्तात्रेय, तुजा आजा. मंग तुजा बाप. आन आता सुजय. तिघंच."

तिघंच! त्यात आजोबांचे कागद कधीचेच गेले. बाबांच्या गाठीचा तुकडा मात्र इस्पितळात मेणात जपून ठेवलेला असेल, तो मॅडम मिळवणार आहेत. तरी बाप आणि मुलगा, एवढ्यावर भागत नाही म्हणे. रिकाम्या हाताने परत आले. चिडचिड झाली, किमयावर उगाच ओरडले.

२ फेब्रुवारी
आज सखाआजोबांचं रक्त घ्यायला माणूस घेऊन गेले. घरातले सगळ्यांत ठणठणीत तेच. सुई बघून तोंड फिरवलं, "मशीला टोचतात तसं टोचतो ह्यो!" म्हणून त्या माणसाला दटावलं. मग वालाच्या शेंगा पिशवीत भरून देताना सहज बोलून गेले — "हौसाला लय आवडायच्या."

"कोण हौसा?"

"माजी थोरली बहीन. पेणकडं खाडीला दिलेली. छातीत गाठ झाली न् गेली बिचारी. पोरं ल्हान व्हती."

मी पिशवी खाली ठेवली. "आजोबा, मी त्या दिवशी हेच तर विचारत होते!"

"तू घरातलं इचारलंस. ती दिलेली. ती त्यांच्या घरची."

तेही खोटं बोलले नाहीत. मलाही लोक हल्ली सासरची, वरशाचीच म्हणतात की. हौसाआजी गेल्यावर येणंजाणं तुटलं, पोरांची नावंही त्यांना आठवत नाहीत. गावाचं नाव तेवढं मिळालं. चला, पेण!

२३ फेब्रुवारी
पेणहून रिक्षाने त्या गावात गेले. मिठागरावर काम जोरात चाललेलं, उन्हात मिठाच्या राशींकडे बघवत नाही. दिसेल त्याला विचारलं — हौसा, माहेर निडी, छातीच्या गाठीने गेली. सगळे माना हलवतात. "हौसा? कोनी नाय गो ह्या नावाची." एका म्हाताऱ्याने तर मला सर्वेवाली समजून रेशनची तक्रार सांगितली. शेवटपर्यंत ऐकून घेतली.

२४ फेब्रुवारी
हौसा त्या गावात कधी आलीच नाही म्हणे! मग दिली कुणाला?

२ मार्च
मी मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

आज वरशातच शेजारच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवापुढे तांदळाचं ताट ठेवलं आणि त्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं. बायका वाकून वाकून वाचत होत्या. मी ताटाकडे बघत राहिले आणि कपाळावर हात मारला. शेजारची मला विचारते, अहो, डोकं दुखतंय का?

माझंच लग्नातलं नाव अनिता! निलेशने असंच ताटात लिहिलं होतं, वेलांटीला तांदूळ सांडले होते. त्या नावाने कुणी हाक मारली तर आजही मी मागे वळून बघत नाही. आणि मी खाडीवर जाऊन माहेरचं नाव विचारत फिरले! मॅडमना हे सुचणार नाही, त्या कलकत्त्याच्या. मला तर सुचायला हवं होतं ना!

९ मार्च
सापडली! सापडली! आज नाव विचारलंच नाही. विचारलं, निडीहून आणलेली सून कोण होती?

"निडीची? मंग ती सीता," दारात बसलेली म्हातारी लगेच म्हणाली. "हिरामणची आय."

हौसाची सीताबाई झालेली. तिचा मुलगा हिरामण म्हणजे माझ्या बाबांचा आतेभाऊ. पूर्वी मिठागरावर होता. ऐन तरुणपणी मांडीच्या हाडाचा कॅन्सर झाला, पाय काढावा लागला. पण माणूस जगला! अंगणात कुबडी टेकून जाळं विणत होता. बसण्याची ढब थेट बाबांची.

ओळख पटली, चहा झाला. बायको मागेच वारली, घरी तो आणि मुलगी. रक्ताच्या तपासणीचा विषय काढला तसा चेहरा मिटला. "नाय. मी जगलो, बास. पोरीचं लगीन व्हायचंय. आमच्यात ह्ये हाय म्हनून गावभर झालं, तर कोन करील तिला?"

बरोबरच आहे त्याचं. मी म्हटलं, "काका, लपवून ठेवलं तर लग्न होईल. पण पुढे?" तो पुन्हा जाळं विणायला लागला.

मुलगी, नम्रता, मला रिक्षापर्यंत सोडायला आली. पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते, बोटांना काळा रंग लागलेला. बडबडी आहे. सगळं विचारून घेतलं — कुठे तपासतात, किती रक्त, दुखतं का.

११ मार्च
नम्रताचा फोन. "ताई, मी दिलं तर बाबा काय घरी बसतील? मी आनते त्यांना."

१५ मार्च
पेणला दोघांचं रक्त घेतलं. मॅडमनी आधी फोनवर तासभर समजावलं. निकाल कळवायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. नम्रता म्हणाली, "कळवा की! नायतर देऊ कशाला?" हिरामणकाका मुलीकडे बघत होता. मग त्याने स्वतःच बाही वर केली.

२८ एप्रिल
मॅडमचा फोन. बाबांच्या मेणातल्या तुकड्यात तोच बदल. हिरामणकाकांच्या रक्तात तोच. सखाआजोबांत नाही. प्रयोगशाळेत पेशींमध्ये हा बदल घालूनही बघितला, राखणदार कामच करेनासा होतो. सगळा पुरावा एका बाजूला.

"आता याला अनिश्चित म्हणता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. निलेश धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला, त्याला दारातच सांगितलं. आनंद करावा की काय करावं कळेना. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो.

आता ज्यांना हवं त्यांनी स्वतःचा निकाल घ्यायचा. ज्यांच्यात बदल आहे त्यांचा दर वर्षी एमआरआय, वेळोवेळी तपासण्या. गाठ लहान असतानाच पकडायची. सुजयला हे मिळालं नाही. किमयाला मिळेल, मी मिळवून देणार.

४ मे
मॅडमनी मला आणि नम्रताला एकाच दिवशी बोलावलंय. बदल माझ्यात असणार असं धरूनच चालले आहे. किमयाला काय आणि कसं सांगायचं, तेही ठरवलं. आईला निकालानंतरच सांगणार.

नम्रता पहिल्यांदाच मुंबईला येतेय. विचारत होती, साडी नेसू का ड्रेस घालू?

२२ मे
माझ्यात नाही. म्हणजे किमयातही नाही.

नम्रताला आत वेगळं बोलावलं होतं. बाहेर आली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. "माज्यात हाय, ताई." मग विचारलं, "तुज्यात?" मी मान हलवली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बरं झालं. किमया सुटली."