कॅनडाच्या पुस्तकात हुपरी

हुपरी, जि. कोल्हापूर
दि. १८ नोव्हेंबर २००३

चि. मालनला दादाचा पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळी धडधाकट हाय. तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, पर तोंड झक्कास चालतंय, म्हंजे काळजी न्हाय. थंडी पडाय लागली, गुऱ्हाळं पेटली. वहिनीनं तुझ्यासाठी चटणी कांडून ठेवलीया. कुणी तिकडं येणारं असलं तर कळव.

आता मुद्द्याचं. तुझ्या कॅनडातनं एका बाईचं पत्र आलंय. त्या देशातल्या नामवंत माणसांची चरित्रं लिहित्यात म्हणं. श्रुतीनं सगळं वाचून मराठीत सांगितलं. लेक कॉलेजात घातल्याचं सार्थक झालं. सोबत नमुन्याची पानं हायत. तुझ्या अगोदर एक नर्सबाई, जन्मभर होडीतनं बेटाबेटावर जाऊन बाळंतपणं केलेली. तुझ्यानंतर एक चित्रकार. त्यानं चाळीस वर्षं नुसता बर्फच रंगवला. मी म्हटलं, पांढऱ्या कागदावर पांढरं, मग ह्याला रंग लागला कशाला? श्रुती माझ्यावर चिडली.

आणि ह्या दोघांच्या मधी आमची मालन! तळ्याच्या बुडातला गाळ काढून कुठल्या खाणीचं विष कवा मिसळलं ते सांगणारी, जिच्यामुळं तिथल्या गावांना चांगलं पाणी मिळालं. फोटोत तू गमबूट घालून चिखलात उभी. वहिनी म्हणाली, “अगं बाई, एवढी शिकली आणि चिखलातच की!” पर फोटो काय हातातनं सोडंना.

आठ दिवस मी गावात छाती काढून फिरलो. न्हाव्याला सांगितलं, सोसायटीत सांगितलं, एस्टी स्टँडवर कागलच्या एका पावण्याला धरून सांगितलं. त्याची गाडी चुकली.

मग श्रुतीनं पत्राचा शेवट परत वाचून दाखवला. “डॉक्टर मालन म्हणतात, दादाचा चांदीचा कारखाना ही माझी पहिली प्रयोगशाळा आणि दादा हा पहिला गुरू. तरी तुम्ही त्यांच्या लहानपणाविषयी अर्धं पान लिहून द्यावं.”

तीनदा लिवाय बसलो आणि तीनदा उठलो. फोनवर बोललो असतो, पर फोनपाशी तुझी वहिनी कान लावून असती, आणि तिला यातलं काय ठावं न्हाय. आपलं ते झालं तवा ती ह्या घरात आली न्हवती.

तुला आठवतंय का, असं इचारत न्हाय. आठवत असणारच.

एकोणसत्तर साल. तू पंधराची. पैंजणाच्या कड्या जोडाय तुझ्यासारखा हात गावात न्हवता. त्या गुरुवारी संध्याकाळी वजन केलं तर दोन तोळ्याची तार कमी भरली. आबा तापानं पडलेलं, कारखाना माझ्यावर. कामाच्या बायका घरी जाताना पदर झटकून जात्यात, ही रीतच हाय. घरच्या माणसाला कुणी झटकाय लावत न्हाय. आणि मी त्या सगळ्या बायकांच्या देखत तुला म्हटलं, “तूबी परकर झटक.”

तू झटकलास. काय पडलं न्हाय. बायका खाली मान घालून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासनं तू झाडू घेतलास. कारखान्याची सगळी जमीन खरवडलीस, तीन दिवस विहिरीवर बसून ती माती धुतलीस. निघाली ती चांदी गव्हाच्या दाण्याएवढी. ती माझ्या हातावर ठेवून म्हणालीस, “दादा, जमिनीत एवढंच हाय. तार खाली पडलेलीच न्हाय.” आणि मी काय बोललो? “चोरलेलंच थोडं थोडं परत आणतीयास व्हय?”

आठवड्याभरात आबांनी तुला शिकायला कोल्हापूरला आक्काच्या घरी धाडलं. शिकायला म्हणून मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हंजे तू माझ्यासंगं एका घरात राहीनास.

आता जे कुणालाच सांगितलं न्हाय ते सांगतो. त्या दिवाळीला नवी बंडी शिवायची म्हणून जुनी मापाला दिली. गुंडू शिंप्यानं अस्तर उसवलं आणि तार त्याच्या मशीनवर पडली. खिशाला भोक हुतं. मीच खिशात घातलेली, मीच इसरलो. तवाच कोल्हापूरला यायचं. बस हुती, पाय हुते, पर तोंड न्हवतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तू आगबोटीच्याबी पलीकडं गेलीस. चौतीस वर्षं दर भाऊबीजेला तुझं पत्र येतंय आणि मी उत्तरात पाऊसपाणी लिवतोय. तार मोडली न्हाय. देव्हाऱ्यात डबीत हाय.

मालन, माझं चुकलं. लई चुकलं.

त्या बाईसाठी अर्धं पान सोबत जोडलंय. त्यात हेच सगळं हाय. इंग्रजी श्रुतीकडनं करून घेतलं न्हाय, लेकीपुढं धीर झाला न्हाय. ते तिला द्यायचं का फाडायचं, तू ठरव.

गुरू न्हवं, नुसताच
तुझा दादा
आकाराम


विनिपेग
९ डिसेंबर २००३

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. चटणीसाठी कुणाची वाट बघू नका, पोस्टानं पाठवा. इथलं जेवण म्हणजे आजाऱ्याची पेज.

तार बंडीत होती हे मला माहीत होतं. तुझी बंडी धूत कोण होतं रे? तू ते चोरीचं बोललास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीवर पिळताना हाताला लागली. आधी हसू आलं, मग तिथंच बसून रडले. काढून आणून दिली असती तर तू काय म्हणाला असतास? म्हणून होती तिथंच ठेवली आणि बंडी वाळत घातली. म्हटलं, दादाच्या हाताला लागू दे. तो येईल हाक मारत.

आक्काच्या दारात कितीतरी दिवस बसायचे. एस्टी यायच्या. तुझा राग आला, लई आला. मग अभ्यासाला लागले.

इथं नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी सांगते, जे सापडेल ते आधी होतं तिथंच राहू द्या, आपल्या सोयीनं हलवू नका. हे कुठं शिकलात, असं विचारतात. दादाच्या कारखान्यात, म्हणते. त्यात खोटं काय आहे? आणि माती धुवायची कशी, परात किती तिरकी धरायची, हे माझ्या सातव्या वर्षी तूच शिकवलंस की. बाईंना तेवढं लिहून पाठव, अर्धं पान सहज भरेल. तू जोडलेला कागद मी फाडला नाही, त्यांना दिलाही नाही. तो माझा आहे.

मार्चमध्ये येते. कारखान्यातून निघताना सगळ्या बायकांसमोर तुला बंडी झटकायला लावायची, असं चौतीस वर्षं मनात धरून होते. पण घरच्या माणसाला कुणी झटकायला लावत नाही ना?

तुझी, घरचीच,
मालन