मसाल्याचा कागद

४ फेब्रुवारी, मंगळवार
मानसोपचार वॉर्डात नवी पेशंट – बीट्रिस आंटी, वय चौसष्ट, खोताची वाडी. घरी झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली गिळली होती. दर पंधरा मिनिटांनी निरीक्षण, माझ्याकडे. शीटवर अठ्ठावीस वेळा लिहिलं : शांत. भिंतही शांतच होती!

५ फेब्रुवारी
इन्चार्ज प्रिती मॅडमनी शीट बघितली. "सुमेधा, तू पेशंट बघतेस की घड्याळ? शेजारी बस. बोल." काय बोलू? आईने दिलेला डबा उघडला. आंटींनी वास घेतला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं – "मसाला कच्चा राह्यलाय गो." आईला सांगायचं नाही.

८ फेब्रुवारी
रोज डब्यावरून बोलणी खातेय. शीटवर : संवाद वाढला.

११ फेब्रुवारी
आंटी हसल्या! केस विंचरले, पोटभर जेवल्या. आणि माझ्याच पेनाने मला त्यांच्या बाटली मसाल्याची – वर्षाचा एकदम करून बाटल्यांत भरतात तो – कृती लिहून दिली – सत्तावीस जिन्नस, भाजायच्या क्रमासकट. वाडीत घरोघरी वेगळा असतो, कुणी कुणाला सांगत नाही म्हणे. मला दिली! फार बरं वाटलं. राउंडला डॉक्टरांना सांगितलं, छान प्रगती आहे. त्यांनी निरीक्षण तासावर नेलं.

१२ फेब्रुवारी
दुपारी आंटींची सून आली, मेलानी. कौतुकाने कागद दाखवला. ती पांढरी पडली. "मला बावीस वर्षांत नाय दिला. मम्मी बोलते, मरायच्या दिवशी देईन."
धावले. आंटी पलंगावर, हातात पाण्याचा ग्लास. मांडीवर एकोणीस गोळ्या, न गिळता साठवलेल्या. सगळ्या मीच दिलेल्या, 'घेतल्या' म्हणून सहीही माझीच. ग्लास काढून घेतला. गोळ्याही.
पेशंट अचानक खुलला, जिवापाड जपलेलं वाटायला लागला, की आधी घाबरायचं. हे पाठ होतं मला. परीक्षेत पैकीच्या पैकी!

१३ फेब्रुवारी
पुन्हा पंधरा मिनिटं. मला मेमो. आंटींचं तोंड भिंतीकडे, मी शेजारी. खुर्ची टोचते.

१९ फेब्रुवारी
डबा नेला. "मीठ कोण घालतं तुमच्यात?" आईला आजही सांगायचं नाही.

२५ फेब्रुवारी
आंटींनी कागद परत मागितला.
"तू काय माझी सून हायेस? दे इकडे. मे महिन्यात मसाला करायचाय मला."
दिला. घडी उलगडून तपासला.
"झेरॉक्स नाय ना काढलीस?"
नाही म्हटलं. बाहेर येऊन रडले. मग सव्वाअकराची नोंद केली : कागद परत घेतला.