सेन्सेईंचा दुसरा डाव

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा हरले! सलग कितव्यांदा ते लिहीत नाही, लिहिलं की अजून खरं वाटतं. आज तर हातातला डाव होता. फोनवर समोर ओसाकाचा कोणी म्हातारा, त्याचा राजा कोपऱ्यात, पळायला जागा नाही — आणि मी घाई केली. जपानला ओकामुरा सेन्सेईंना, माझ्या गुरुजींना, डाव पाठवला. उत्तर नेहमीसारखं एका ओळीचं: ही खेळी का केलीस? मला तरी कुठे माहीत आहे का केली ते!

१५ फेब्रुवारी

ऑगस्टमध्ये टोकियोत शिकाऊ गटाची परीक्षा आहे. शोगीत व्यावसायिक व्हायचं तर रस्ता तिथूनच जातो, आणि गुरूची शिफारस असल्याशिवाय बसूच देत नाहीत. त्यात वयाची अट. मला हे शेवटचं वर्ष. सेन्सेईंनी शिफारस दिली तर ठीक, नाही तर केळापूरच्या पोरीला जपानी बुद्धिबळ येतं याचं काय लोणचं घालायचं?

बाबा ऑटो लावून आत आले, माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, हरून राह्यली तर हरू दे, खेळून तर राह्यली ना. बाबांचं बरं आहे.

२० फेब्रुवारी

लाइट गेली, नेट गेलं, तिकडचं घड्याळ चालूच राहिलं. हरले.

२५ फेब्रुवारी

विहार झाडायला गेले होते. तो कोपरा दिसला. शाळेत होते तेव्हा जपानहून उपासक आले होते, त्यांच्यात सेन्सेई. बाकीचे फोटो काढत होते, हे चटईवर पट मांडून बसले. मी जाऊन समोर बसले. मला सगळ्या सोंगट्या, त्यांच्याकडे नुसता राजा आणि प्यादी — तरी धुऊन काढलं मला! मी म्हणाले, अजून एक. ते हसले. मला तेव्हा जपानी कुठे येत होतं, दुभाष्या बाईंनी समजावलं की आता नाही. त्यांच्यात जुनी रीत आहे, गुरू शिष्याशी दोनदाच खेळतो. एकदा शिष्य येतो तेव्हा. आणि एकदा शिष्याला जमणार नाही हे कळतं, तो गाशा गुंडाळून गावी जायला निघतो तेव्हा. निरोपाचा डाव. मधल्या काळात गुरू फक्त शिष्याचे डाव बघतो आणि रागावतो.

तेव्हापासून माझा प्रत्येक डाव त्यांच्याकडे जातो. म्हणून मला सेन्सेई रागावलेले चालतात. ओरडतात तोवर मी त्यांची शिष्य आहे.

६ मार्च

सेन्सेईंचा स्वतःचा सामना होता आज, क्रमवारीच्या सगळ्यात खालच्या वर्गातला. तरुणपणी पार वर होते म्हणे. हरले. त्यांचा सामना मी पूर्ण बघितलाही नाही, माझाच डाव चालू होता. तोही हरले मी. आज कशातच राम नाही.

१० मार्च

सेन्सेईंचा मेसेज. "रविवारी आपण एक डाव खेळू."

संपलं.

१२ मार्च

दोन घास पोटात गेले नाहीत. इतकी वर्षं एकही डाव नाही, आणि आता? कारण उघड आहे. ती घाईची खेळी. त्यांनी ती बघितली आणि ठरवलं. मी वाईट खेळते हे मला माहीत आहे, पण मला दुसरं काहीच येत नाही! हे कोणाला सांगू? आईने विचारलं, काहून रडते? डोळ्यात तिखट गेलं म्हणाले. चहाच होता चुलीवर.

१४ मार्च, धूळवड

बाहेर रंग, मी दार लावून आत. एक विचार आलाय. निरोपाचा डाव झालाच नाही तर निरोप कसा होईल? रीत म्हणजे रीत. मी त्यांच्यासमोर बसलेच नाही तर मला काढता येणार नाही. मूर्खपणा आहे, कळतंय. पण दुसरं काय करू?

१६ मार्च, रविवार

सकाळीच यवतमाळला अर्पिताकडे गेले. मावसबहीण, काही विचारत नाही. फोन मुद्दाम घरी चार्जिंगला ठेवला. तिच्याकडे मटणाचं जेवण होतं, मला चव लागली नाही. संध्याकाळच्या एसटीने परत.

आई भाकरी टाकत होती. म्हणाली, "तुह्या गुरुजीचा फोन आलता. मीच उचलला. त्यायचं बोलणं मले काय समजते? फोन डब्याले टेकवून ठेवला अन् माह्या कामाले लागली."

मी विचारलं, रागावले होते का.

"नाही वं. चांगला धुतलेला झगा घालून बसले होते, पट मांडून. लय वेळ बसले. मंग मले वाकून नमस्कार केला अन् ठेवला." तिने भाकरी उलटली. "त्यायच्या मागं सारे पुस्तकं बांधून ठेवले होते, खोके भरून. गावाले चालले काय ते?"

मी पाण्याचा तांब्या तसाच धरून उभी राहिले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१७ मार्च

रात्रभर जपानी बातम्या शोधून वाचल्या. साठी उलटल्यावर त्या वर्गातून घसरलं की थांबावंच लागतं. सहा तारखेला सेन्सेई घसरले — आणि मी तो सामना अर्धा सोडून दिला! माझी शिफारस त्यांनी शुक्रवारीच दिली आहे, परीक्षेवाल्यांचा तसा मेल येऊन पडलाय. गावी ते चाललेत, मी नाही. निरोपाचा डाव त्यांचा होता.

फोन लावला. कालबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पट तसाच मांडलेला होता. आणि या वेळी त्यांच्या बाजूला एकही सोंगटी कमी नव्हती.

म्हणाले, "बस. मला आता वेळच वेळ आहे."