पाचवी खुंटी

मिसिसागा,
शनिवार, १० जानेवारी २००९

प्रिय अरुणा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न वाचताच बाजूला ठेवशील, म्हणून सिरीलला बजावलंय, तिच्या हातात दे आणि ती वाचायला लागेपर्यंत दारातून हलू नकोस. नवरा माझा असला तरी थंडी सगळ्यांना सारखीच लागते, तेव्हा त्याच्यासाठी तरी वाच. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी पुन्हा खोटंच बोलले असते, मला माझा स्वभाव माहीत आहे. वसईच्या शाळेत शुद्धलेखनात पहिली यायचे, पण त्यानंतर मराठीत एवढं लांब काही लिहिलेलं नाही. चुका पोटात घाल.

आधी तुझ्या रागाचंच सांगते. तुझ्या अनिशला दिवसभर सांभाळायला माझ्याकडे ठेवायचं तू विचारलंस आणि मी म्हटलं, जागा नाही, पाच मुलं झाली. घरात पाचच ठेवता येतात हा नियम खरा. पण माझ्याकडे यायची ती जाई सप्टेंबरात शाळेत गेली, तेव्हापासून माझ्याकडे चारच आहेत. नाताळाआधी तू केकचा डबा परत द्यायला आलीस, तेव्हा दारातल्या खुंट्यांकडे तुझी नजर गेली. चार खुंट्यांवर चार स्नोसूट, पाचवी रिकामी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मी न विचारताच बोलत सुटले, की एकाला ताप आहे म्हणून आज आला नाही. तू बूटसुद्धा काढले नाहीस. "बरं, रिटाताई," एवढंच म्हणालीस आणि गेलीस. तुझ्या जागी मी असते तर डबा डोक्यात घातला असता.

तू पहिल्यांदा माझं घर बघायला आलीस तो दिवस आठवतो. हातात इंटरनेटवरून छापून आणलेली प्रश्नांची यादी, चांगले चोवीस प्रश्न. मुलं किती, टीव्ही किती वेळ, फर्स्ट एड येतं का, बेसमेंटला जायच्या जिन्याला गेट आहे का. मनात म्हटलं, ही पोरगी माझी परीक्षा घ्यायला आली आहे, आणि मला तू तिथेच आवडलीस. तुझा नवरा शैलेंद्र आठवडाभर कामासाठी मॉन्ट्रियलला, तुझी विमानतळाजवळच्या ऑफिसातली नवी नोकरी दारात उभी, आणि तू चार डेकेअर सेंटर पालथी घालून आलेली. "रिटाताई, एटीन मंथ्सची वेटिंग लिस्ट आहे, तोपर्यंत हा स्वतःच नोकरीला लागेल!" असं म्हणून हसलीस आणि हसता हसता रडायला लागलीस. तेव्हाच मी ठरवलं होतं की पाचवी खुंटी अनिशची. खोटं नाही सांगत. खुंटीखाली चिकटवायला निळ्या बसचं चित्रही कापून ठेवलं होतं.

मग तो ट्रायलचा दिवस. तू त्याला नऊ वाजता सोडलंस आणि तीनला न्यायला आलीस. मी तुला म्हटलं, अगदी शहाण्यासारखा राहिला, त्रास नाही. ते खरंच होतं. पण त्यात काय सांगितलं नाही ते आता सांगते. अकराच्या सुमाराला मी डाळीला लसणाची फोडणी दिली, धूर झाला आणि छताचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. तो कसा आवाज करतो तुला माहीत आहे, दात शिवशिवतात. चारही मुलं कानांवर हात ठेवून माझ्या गाऊनला येऊन चिकटली. अनिश खिडकीशी गाड्यांची रांग लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी टॉवेल हलवत होते, अलार्म चालूच, आणि तो शांतपणे लाल गाडीच्या मागे पिवळी गाडी लावत होता. मग वळला, बाकीच्यांना रडताना बघितलं आणि तोही रडायला लागला. अलार्मला नाही गं, त्यांचे चेहरे बघून.

त्यानंतर दिवसभर मी त्याच्यावरच नजर ठेवून होते. पाठीमागून हाक मारली, नाही. ताट आपटलं, नाही. पण समोर जाऊन बसले आणि बोलले की तो माझ्या तोंडाकडे असा टक लावून बघायचा, की मला दोनदा ओठ पुसावेसे वाटले. "ये" म्हटलं की यायचा, "पाणी?" म्हटलं की मान हलवायचा. बारा वर्षांत साठ-एक मुलं माझ्या हाताखालून गेली असतील, अरुणा. उशिरा बोलणारं मूल मी ओळखते. हे तसं नव्हतं.

आणि माझी तर सगळी कामाची रीतच तोंडाची. स्वयंपाकघरातून ओरडले की बाहेरच्या खोलीतली मारामारी थांबते. पार्कात जाताना बर्फाच्या ढिगाऱ्याशी "स्टॉप!" म्हटलं की चार जोडी बूट जागच्या जागी थांबतात. पाचवी जोडी थांबणार नाही, रस्त्यावर जाईल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी घाबरले. हे मी तुला तेव्हा सांगू शकले असते. तू ऐकलं असतंस. मग का नाही सांगितलं?

कारण ते सांगायला लागले असते, तर त्याआधीचंही सांगावं लागलं असतं. गेल्या गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये तू काळजीने म्हणालीस, अडीच वर्षांचा होत आला, अजून "आई"सुद्धा नीट म्हणत नाही. सगळ्या बायका म्हणत होत्या, मुलगे उशिराच बोलतात. मी मात्र मोठ्या शहाणपणाने पुढे झाले. घरात मराठी, शेजारी हिंदी, टीव्हीवर इंग्रजी, म्हणून पोराचा गोंधळ होतो, मराठी बंद कर, एकच भाषा ठेव, असं मीच सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. बारा वर्षं मुलं सांभाळते म्हणून तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि त्याच रात्रीपासून त्याच्याशी मराठी बोलायची थांबलीस. ट्रायलच्या दिवशी त्याला जॅकेट घालताना तू मला म्हणालीस, "इंग्लिशच बोलते हं रिटाताई, पण लाडाचं काय बोलायचं तेच सुचत नाही, म्हणून हल्ली गप्पच असते." मी मान डोलावली. सकाळी अलार्म ऐकला होता मी, दुपारी तुझं हे ऐकलं, आणि तरी मान डोलावली. मला लाज वाटते.

तुझ्या त्या यादीत एक प्रश्न नव्हता. माझ्या मुलात काही वेगळं दिसलं तर मला तोंडावर सांगाल का, हा. विचारला असतास तर मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं असतं, आणि वेळ आल्यावर हेच केलं असतं. दुसऱ्या कुणाकडे कधी गेलीस तर पहिला तोच प्रश्न विचार.

हे सगळं आजच लिहायचं कारण म्हणजे माझ्या चर्चमधली डिम्पल. काल दुकानात भेटली आणि म्हणाली, तू सोमवारपासून अनिशला तिच्या बिल्डिंगमधल्या आजींकडे ठेवणार आहेस. बाई प्रेमळ आहेत, मी ओळखते. पण त्यांच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो. अनिश टीव्हीसमोर गाड्या लावत बसेल, हट्ट करणार नाही, आणि सगळे म्हणतील, किती गुणी मूल. कुणाच्या काही लक्षात येणार नाही आणि वर्ष निघून जाईल. तेवढं होऊ देऊ नकोस. इथे जन्मलेल्या बाळांचे कान हॉस्पिटलातच तपासतात, तुझा अनिश पुण्याला जन्मलेला. सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे जा आणि कान तपासायला पाठवा म्हणून हट्ट धर. उशिरा बोलतो, दोन भाषा, यातलं काही आधी काढूच नकोस. कदाचित कानात नुसतं पाणी साठलं असेल. कदाचित मी साफ चुकले असेन, देव करो आणि तसंच होवो, मग तू जन्मभर मला हस. चुकले नसेन तरी खुंटी त्याचीच आहे, निळी बस आजच चिकटवलीय. मी ओरडायचं सोडून जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायला शिकेन, बावन्नाव्या वर्षी एवढं जमेल. पण डॉक्टर सोमवारी भेटतील. तू सोमवारपर्यंत थांबू नकोस. आत्ता हे पत्र खाली ठेव, त्याच्यासमोर जमिनीवर बस, तुझं तोंड त्याला नीट दिसेल अशी, आणि गणपतीपासून त्याला जे जे म्हणायचं राहिलंय ते सगळं मराठीत म्हण.

तुझीच,
रिटाताई