‘येतोस ना?’ या गाण्याच्या शेवटच्या दोन मात्रांबाबत

मी, उनोझावा तादाओमी, वय वर्षे एक्क्याऐंशी, संगीताचा निवृत्त प्राध्यापक, राहणार हिमी, बंदरामागची गल्ली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कान तर त्याहून ठिकाणावर आहेत, आणि माझा बहुतेक मनस्ताप त्यांच्यामुळेच झाला. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करीत नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझा मुलगा र्‍योहेइ यास मिळावी. तो ओसाकात वातानुकूलन यंत्रे विकतो आणि संगीत कळत नसल्याचे चारचौघांत हसत सांगतो. निदान खोटे बोलत नाही.

२. पियानो बंदराजवळच्या शाळेस द्यावा. खाऱ्या हवेने त्याच्या तारा गंजतात, तेव्हा तो खिडकीजवळ ठेवू नये. हे मी विद्यापीठात तीस वर्षे सांगत होतो. तिथला पियानो खिडकीजवळच होता.

३. माझ्या दोन सिम्फनींची हस्तलिखिते विद्यापीठाच्या ग्रंथालयास द्यावीत. पहिली एकदा वाजली. दुसरी वाजलीच नाही. आजही माझी ओळख “ते ‘येतोस ना’वाले सर” अशीच करून देतात. म्हणून त्या गाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. वकील अकुत्सू म्हणाले, “सर, मृत्युपत्रात इतकं भांडण लिहीत नाहीत हो.” मी म्हणालो, “मग कुठे लिहू? वर्तमानपत्रवाले छापत नाहीत.”

माझा धाकटा भाऊ इवाओ ‘बुरी’ नावाच्या माशांच्या जाळ्यावर कामाला होता. एका हिवाळ्यात होडी उलटली. बाकीचे सापडले, तो सापडला नाही. आई रोज पहाटे धक्क्यावर जाऊन त्याला हाक मारी, “येतोस ना?” तेच शब्द घेऊन मी शाळेच्या गायकवृंदासाठी गाणे लिहिले. ते त्या प्रश्नावरच थांबते. शेवटचा स्वर घरी परतत नाही, कारण भाऊ परतला नाही. यात न समजण्यासारखे काय आहे?

कुरेबायाशी नात्सुए ही माझी विद्यार्थिनी. बंदराजवळच्या शाळेत संगीत शिकवायला लागल्यावर तिने हे गाणे बसवले. पहिल्या वर्षी जसे लिहिले तसे गाऊन घेतले. दुसऱ्या वर्षी, मला न विचारता, शेवटी दोन मात्रा जोडल्या. वरच्या पट्टीतल्या मुली एकदम गातात, “आलो!” आणि गाणे गोड होऊन संपते.

त्या दिवशी, शाळेच्या मार्चमधल्या कार्यक्रमात, मी आईशेजारी बसलो होतो. मुली “आलो” म्हणाल्या आणि आई भर सभेत उठून उभी राहिली. “आलास? मग एवढा उशीर का केलास रे?” सगळी सभा तिच्याकडे बघत होती. मी तिचा हात ओढून तिला खाली बसवले.

घरी जाताना मी तिला म्हणालो, “आई, ती ओळ माझी नाही. त्या बाईने जोडलीय.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “तू आपला नुसता विचारत बसला होतास.”

त्या रात्रीच मी नात्सुएला पहिले पत्र लिहिले. तिचे उत्तर असे आले: “सर, पहिल्या वर्षी गाणं प्रश्नावर थांबलं तेव्हा कोणाला टाळी वाजवता येईना. कोळणी खाली मान घालून बसल्या होत्या. माझ्या मुली मंचावर तशाच उभ्या. ती शांतता मला पुन्हा सोसवणार नाही.” मी उलट लिहिले: “मूर्ख मुली, ती शांतताच तर मी लिहिली होती!” तेव्हापासून आमची पत्रे थांबली नाहीत. दोघेही निवृत्त झालो, दोघांनाही चष्मे लागले, मुद्दा तोच राहिला.

प्रकाशकाने तिचाच शेवट छापला, माझ्या नावावर. बंदी घालणे माझ्या हातात होते. पण आई दर मार्चला शाळेत जाऊन ते ऐके आणि त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त खाई. ती गेल्यावरही, का कोण जाणे, मी अर्ज केला नाही. लोक येऊन माझे हात धरतात. “सर, तो ‘आलो’ काय लिहिलात!” आयुष्यभर जी स्तुती मिळाली ती जे मी लिहिले नाही त्याची.

४. ग्रंथालयास माझा ‘मान्यवरांशी पत्रव्यवहार’ हवा आहे, म्हणजे ज्या थोर वादकांनी माझी सिम्फनी वाजवण्यास नम्र नकार दिला त्यांची पत्रे. नात्सुएची पत्रे ‘शाळाशिक्षिकेची खाजगी पत्रे’ म्हणून नको आहेत. संगीताबद्दल माझ्याशी कोणी खरे बोलले असेल तर ते त्या पत्रांत आहे. घ्यायची तर सगळी घ्यावीत. नाहीतर नकारांसकट सगळी नात्सुएला द्यावीत.

५. ‘येतोस ना?’चे सर्व हक्क कुरेबायाशी नात्सुए हिला मिळावेत. अट एकच. यापुढे छापताना गाणे माझ्या प्रश्नावर संपवावे आणि तिथे समाप्तीची दुहेरी रेघ ओढावी. त्या रेघेनंतर तिच्या दोन मात्रा, तिच्या पूर्ण नावासह, छापाव्यात. गायच्या की नाही ते गाणाऱ्यांनी ठरवावे. दोष तिचा तिच्या नावावर लागू दे. स्तुतीही तिचीच, तीही घेऊन जावी. मला ती वागवून कंटाळा आला आहे. त्या मात्रा संगीताच्या दृष्टीने चूक आहेत हे माझे मत कायम आहे.

६. माझ्या अंत्यविधीला शाळेच्या मुलांनी हे गाणे गावे, माझ्या शेवटासह. हे कळवायला मी नात्सुएला फोन केला. ती म्हणाली, “सर, आणि सवयीने कोणी ‘आलो’ म्हणालंच तर?”

“तर मला ऐकू येणार नाही,” मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी वकिलांनी शब्द सौम्य केले होते, ते मी पूर्ववत करून घेतले.

उनोझावा तादाओमी (सही व शिक्का)

साक्षीदार:
हामागुची तोकुजी, जाळी विणणारे, शेजारी (सही व शिक्का)
निशिदे काझुए, पियानोचे सूर जुळवणाऱ्या (सही व शिक्का)

हिमी, तोयामा प्रांत
१४ नोव्हेंबर २०१८